आत्माचोर प्रकरण (चीन, १७६८)

चिंग राजवटीत, च्यनलुंग सम्राटाच्या काळी पसरलेली चेटकाची धास्ती. माणसाच्या वेणीचे टोक कापून त्यावर मंत्र घातला की त्याचा आत्मा मांत्रिकाच्या मुठीत जातो आणि तो माणूस आजारी पडून मरतो, अशी ही समजूत. चिनी कल्पनेत ‘हुन’ आणि ‘पो’ असे दोन आत्मे मानतात. त्यांपैकी हुन हलका. झोपेत वा भयाने तो देह सोडू शकतो. भेदरलेल्या मुलाला नावाने हाका मारून त्याचा हुन परत बोलावण्याची रीत होती.

प्रकरणाचा उगम झेजियांग प्रांतातील दछिंग येथे. तेथे पाणवेस आणि पूल नव्याने बांधण्याचे काम चालू होते. नदीत खांब ठोकताना जिवंत माणसाच्या नावाचा कागद लावला तर त्याच्या आत्म्याचा जोर घावाला मिळतो आणि तो माणूस मरतो, ही बोलवा. शेन नावाच्या एका शेतकऱ्याने आपल्याला छळणाऱ्या पुतण्यांची नावे लिहून थेट गवंड्याकडे नेली. गवंड्याने त्यालाच पकडून दिले. अफवा मात्र उत्तरेकडे शानतुंगपर्यंत गेली. भटके भिक्षू, भिकारी, परगावचे कारागीर, जो अनोळखी तो संशयित.

सम्राटाला वेगळीच भीती वाटली. पुढचे डोके भादरून मागे वेणी ठेवण्याची सक्ती मांचू राज्यकर्त्यांनी १६४५ साली केली होती. तेव्हा वेणी कापणे म्हणजे बंडच. त्याने सुभेदारांना मुख्य मांत्रिक शोधण्यासाठी धारेवर धरले. मग छळ झाला आणि हव्या तशा जबान्या निघाल्या. वरिष्ठांनी फेरतपासणी केली तेव्हा त्या कोलमडल्या. वर्ष सरण्यापूर्वीच शोध थांबवावा लागला. मांत्रिक सापडलाच नाही.

अमेरिकी इतिहासकार फिलिप कून यांनी बीजिंगच्या अभिलेखागारातील दरबारी पत्रव्यवहार चाळून ‘सोलस्टीलर्स’ (१९९०) हा ग्रंथ लिहिला. भूतखेत खरे की खोटे या वादात ते पडत नाहीत. त्याच घटनेत प्रजेला, सम्राटाला आणि अधिकाऱ्यांना काय दिसले, ते मांडतात. कामचुकार नोकरशाहीला वठणीवर आणण्याची संधी सम्राटाने यात साधली, हे त्यांचे प्रतिपादन ग्रंथातील सर्वांत पटणारा भाग होय. भिकाऱ्यांचे आणि भिक्षूंचे बोलणे मात्र छळाखाली घेतलेल्या जबान्यांतूनच आपल्यापर्यंत पोचते, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.