संपत्तिविषमतेचे आलेखन

संपत्तिविषमतेचे आलेखन : जमीनजुमला, घरदार, जनावरे, सोनेनाणे, ठेवी व भागरोखे अशा मालमत्तेची वाटणी एखाद्या गावात, देशात अथवा सबंध जगात कितपत असमान आहे, हे आकड्यांच्या कोष्टकांऐवजी रेषा, क्षेत्र, रंग व नकाशे यांच्या साहाय्याने दृग्गोचर करण्याची पद्धती. तिचे सर्वांत रूढ साधन म्हणजे लोरेन्झ वक्र. मॅक्स लोरेन्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये तो प्रथम मांडला. आडव्या अक्षावर निर्धनापासून धनिकापर्यंत क्रमाने लोकसंख्येची आणि उभ्या अक्षावर तिच्या मालकीच्या संपत्तीची संचित टक्केवारी घेतली असता, सर्वांची मालमत्ता सारखी असल्यास सरळ कर्ण निघतो, आणि विषमता जितकी तीव्र तितका वक्र कर्णाखाली ओळंबत जातो. कर्ण व वक्र यांमधील क्षेत्राचे कर्णाखालील संपूर्ण त्रिकोणाशी असणारे गुणोत्तर कोर्राडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. हा गुणांक सोयीचा खरा; परंतु भिन्न आकारांच्या दोन वक्रांचा गुणांक एकच येऊ शकत असल्याने, वक्र पाहिल्यावाचून केवळ गुणांकावर मत बनविणे धोक्याचे आहे.

आलेखाच्या कागदावर दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून २०२२ च्या जागतिक विषमता अहवालातील आकडे त्यावर मांडले, की या साधनाचे सामर्थ्य ध्यानात येते. जगातील निर्धन अर्ध्या प्रौढांकडे एकूण संपत्तीचा २ टक्के हिस्सा असल्याने पाच सेंटिमीटर चालून गेल्यावरही पेन्सिल तळरेषेपासून अवघे दोन मिलिमीटर उचललेली असते. नवव्या सेंटिमीटरला ती २४ मिलिमीटर चढते, आणि वरच्या दशांश लोकांचा ७६ टक्के हिस्सा दाखविण्याकरिता उरलेल्या एका सेंटिमीटरात तिला ७६ मिलिमीटरांची उभी चढण चढावी लागते. कोष्टकात ७६ हा आकडा निमूटपणे वाचून पुढे जाणारा वाचक या चढणीपाशी थबकतो.

हीच रीत गावपातळीवर लावावयाची झाल्यास वर्धा जिल्ह्यातील देवळी हे तहसिलीचे ठिकाण अभ्यासास सोयीचे आहे. वर्ध्याच्या नैर्ऋत्येस, यवतमाळ रस्त्यावर, कापसाच्या काळ्या जमिनीच्या मुलखात ते वसले आहे. राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण याचा शके ८६२ चा (इ.स. ९४०) प्रसिद्ध ताम्रपट येथेच सापडला. ग्रामदानाच्या या सनदेचे संपादन रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी केले होते. दाता, प्रतिग्रही व दत्त ग्राम यांची नोंद ताम्रपटात सापडते, त्या भूमीत राबणाऱ्यांची शिरगणती मात्र असल्या सनदेचा विषय नव्हे. आणि ही उणीव पुढील सहस्रकातील दफ्तरांनीही बऱ्याच अंशी जपली. इंग्रजी अमलातील बंदोबस्तात गावचा सारा भरण्याची जबाबदारी व मालकी मालगुजाराकडे गेली. ३१ मार्च १९५१ रोजी, वर्धा जिल्हा तेव्हा ज्यात होता त्या मध्यप्रदेशात मालगुजारी संपुष्टात आली, तरी सीर व खुदकाश्त, म्हणजे घरवहितीच्या, जमिनी पूर्वीच्या मालगुजारांकडेच राहिल्या. यास्तव येथील मौजांतील धारणांचा वक्र वाचताना हा इतिहास दृष्टिआड करून चालत नाही.

मौजाचा असा आलेख गाव नमुना आठ-अ वरून काढता येतो. खातेदारांची क्षेत्रे चढत्या क्रमाने लावून बेरजा करीत गेले, की वक्र तयार होतो. तथापि एकाच कास्तकाराचे वावर तीन मौजांत असल्यास तो तीन लहान खातेदार म्हणून अवतरतो; कुटुंबातील फाळणी कागदोपत्री झाली आणि वहिवाट एकत्रच राहिली, तर एका मोठ्या धारणेच्या चार छोट्या धारणा दिसतात; आणि विहिरीजवळच्या ओलिताचा हेक्टर व बरडाचा हेक्टर यांना आलेखात सारखीच लांबी मिळते. क्षेत्राऐवजी साऱ्याच्या आकारणीचे रुपये मोजावेत तर ही शेवटची अडचण काहीशी हलकी होते, इतकेच.

अधिक गंभीर दोष निराळा आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील सुमारे ८६ टक्के वहितीधारणा दोन हेक्टरांहून लहान असून त्यांच्याकडे ४७ टक्के क्षेत्र होते. वर सांगितलेल्या चौरसात हा बिंदू बराच उंच पडतो, आणि जागतिक संपत्तीच्या मानाने भारतीय जमीन पुष्कळच समतेने वाटली गेल्याचा भास होतो. वास्तविक ज्याच्या नावे वहिती नाही तो भूमिहीन मजूर या अक्षावर उभाच नाही. ही कुटुंबे प्रारंभी मांडली, की वक्र तेवढे अंतर तळरेषेला चिकटून राहतो व सबंध उजवीकडे सरकतो. सातबाऱ्यावरून काढलेल्या कोणत्याही चित्राखाली ही गोष्ट ठळक अक्षरांत छापली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जमिनीखेरीजची मालमत्ता चितारण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न परदेशात झाला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाकरिता कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हातांनी रंगविलेल्या तक्त्यांपैकी एकात, जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीयांच्या घरातील सामान व स्वयंपाकघरातील चीजवस्तू यांचे १८७५ ते १८९९ या काळातील करआकारणीमूल्य रंगीत सर्पिल पट्ट्यांनी दर्शविले आहे. सरळ स्तंभ कागदात मावले असते. पण वेटोळ्यांतील वाढ नजरेला खिळवते, अचूक तुलना मात्र दुष्कर करते.

इकडे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे कार्य करणारे अर्थतज्ज्ञ जो. कॉ. कुमारप्पा यांनी १९३९ च्या सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद भूषविले. खेड्यात जाऊन पाहणी करण्याची परंपरा या प्रदेशाला अशी जवळची आहे. पुढे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत कुटुंबांचे समसंख्य गट पाडून प्रत्येक गटाची सरासरी आलेखावर मांडली. शिवाय एकाच समाजातून स्वतंत्रपणे निवडलेल्या दोन उपनमुन्यांच्या दोन रेषा शेजारी शेजारी काढून त्यांमधील पट्ट्याने पाहणीतील अनिश्चिततेचे माप दाखविले. आपली चूक किती असू शकेल हे स्वतः सांगणारा आलेख विरळाच. या विषयातील भारतीय विचाराची ही मोठी देणगी मानली पाहिजे.

तिचा धागा पकडून अलीकडचे दोन अंदाज एका चौरसात मांडता येतात. २०१९ मधील राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कर्ज व गुंतवणूक फेरीनुसार ग्रामीण भारतातील वरच्या दशांश कुटुंबांकडे निम्म्याहून किंचित अधिक व खालच्या अर्ध्यांकडे सुमारे दहा टक्के मालमत्ता होती. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालात, सर्व देशाचा विचार करता, हेच हिस्से अनुक्रमे ६५ व ६ टक्के होते. एक वक्र ग्रामीण कुटुंबांचा व दुसरा देशातील समस्त प्रौढांचा असल्याने त्यांतील काही अंतर स्वाभाविकच. पण मध्यावर चार मिलिमीटर असलेला पट्टा नवव्या सेंटिमीटरला सुमारे चौदा मिलिमीटर रुंद होतो. पाहणी करणाऱ्याला अतिश्रीमंतांचे दार सहसा उघडत नाही, आणि अहवालकर्त्यांनी धनाढ्यांच्या प्रसिद्ध याद्यांचा आधार घेऊन ती तूट भरून काढलेली असते. हा पट्टा उजव्या टोकाकडे फाकण्याचे ते एक प्रमुख कारण होय.