न झालेलं वादळ
६ जून १८८२ ला चक्रीवादळाने मुंबईत एक लाख माणसं मेली, हे वाक्य वर्षानुवर्षं याद्यांमधून फिरत राहिलं. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती ७,७३,१९६. म्हणजे दर आठांमागे एक माणूस गेला आणि वर्तमानपत्रांना कळलंच नाही? हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला. असं वादळ झाल्याचा पुरावा सापडला नाही. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं. (कोडमध्येही हेच चालतं.)

खोटा आकडा उघडा पडला की धोकाही खोटा वाटू लागतो, ही खरी अडचण. नोव्हेंबर १९४८ चं वादळ खरंच झालं होतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. मुंबई वाचली, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्यालगतून नुसतं निघून गेलं, तरी कुलाब्याला वारा ताशी ११४ किलोमीटर.

अरबी समुद्र तापतोय. तरी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाडीकाठची बांधकामबंदीची पट्टी १०० मीटरवरून ५० वर आणली. पाचोऱ्याहून रात्रीची गाडी पकडून नोकरीला आलेली आमच्याकडची पोरं ऐरोलीत, ठाणे खाडीच्या जवळच, भाड्याने राहतात.