रुग्णालयातील वैद्यकीय गांजा आणि परिचारिका : अमेरिकेतील नियमनाचा इतिहास

अमेरिकेच्या औषधकोशात १८५० साली समाविष्ट झालेला गांजा १९४२ साली त्यातून वगळण्यात आला. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने तो वैद्यकीय उपयोग अमान्य असलेल्या पहिल्या अनुसूचीत घातला. पुढे एड्सच्या साथीत अन्नावरची वासना उडालेले रुग्ण त्याचा आधार घेऊ लागले. १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २१५ संमत करून वैद्यकीय वापरास मुभा दिली. संघराज्याचा कायदा मात्र तसाच राहिला.

या विसंगतीचा भार परिचारिकेवर पडला. डॉक्टर गांजाची केवळ शिफारस करू शकत, रीतसर लिहून देऊ शकत नसत. त्यामुळे औषध देताना मात्रा व वेळ यांसाठी तिला लागणारा लेखी आदेशच नसे.

२०१८ साली राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कायद्याचे व परिणामांचे ज्ञान आणि रुग्णाविषयी पूर्वग्रहरहित वृत्ती ही कर्तव्ये ठरली. राज्याच्या कायद्याची परवानगी नसल्यास स्वहस्ते गांजा देणे निषिद्ध ठरले. २०२२ पासून कॅलिफोर्नियातील ‘रायनच्या कायद्या’ने असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांना रुग्णालयात धूम्रपानाखेरीज अन्य स्वरूपात गांजा घेण्याची सोय केली. परंतु त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार तो आणण्याची व देण्याची जबाबदारी रुग्णावर वा त्याच्या काळजीवाहकावर राहिली.

२०२३ साली अमेरिकन परिचारिका संघटनेने या शाखेस विशेष परिचर्येचा दर्जा दिला. अशा प्रकारे परिचारिकेच्या ज्ञानास मान्यता लाभली, तरी कॅलिफोर्नियात तिचे हात बांधलेलेच राहिले. ज्याचे हात चालत नाहीत आणि जवळचे कोणी नाही, अशा रुग्णाला या हक्काचा उपयोग काय, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.