पारा नेमका कुठे टांगला होता?

'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण आपल्याकडे पंचांगाइतक्याच भरवशाने सांगितली जाते. त्याआधीचा टप्पा महाशिवरात्रीचा. त्या रात्री थंडी 'शिव शिव' म्हणत निघते, असे जुनी माणसे सांगत. माघाच्या शेवटी आवराआवर करायची आणि फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत गाव सोडायचे, असा हा थंडीशी केलेला करार. थंडी तो दर वर्षी पाळतेच असे नाही. २००८ च्या फेब्रुवारीत ती अशी काही उलटून आली की मुंबईत सांताक्रूझचा पारा दहा अंशांच्या खाली गेला. २०१२ च्या फेब्रुवारीतही तेच झाले. नाशिक जिल्ह्यात हे दिवस द्राक्षांच्या काढणीचे, कोकणात आंब्याच्या मोहोराचे. दुपारी ऊन चटकते आणि पहाटे हात आखडतात. डिसेंबरच्या थंडीला पीक तयार असते. माघातल्या या परतलेल्या थंडीला ते तयार नसते.

अशा अवेळी थंडीची वर्तमानपत्रांतली कात्रणे मी बरीच वर्षे जमवतो आहे. मी हवामानशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी आणि पतसंस्थेच्या खातेवह्यांत गेलेली नोकरी, एवढेच माझे शिक्षण. पण खातेवहीने एक सवय लावली. एकाच व्यवहाराचे दोन आकडे समोर आले की मन थांबते. कात्रणांत तर हे पानोपानी दिसते. त्याच दिवशी, त्याच गावचे, पण दोन वर्तमानपत्रांत चार-पाच अंशांचा फरक. छपाईची चूक म्हणून सोडून द्यावे, तर ती चूक दर वर्षी त्याच गावांच्या बाबतीत कशी होते? तेव्हा मी शोध घेऊ लागलो तो थंडीचा नव्हे, तर थंडी मोजणाऱ्या पाऱ्याच्या जागेचा.

आपण बातमीत वाचतो ते 'किमान तापमान' एका पांढऱ्या लाकडी पेटीतले असते. चारही बाजूंना झडपांच्या फळ्या, आत हवा खेळती, ऊन थेट पडत नाही, आणि तापमापी जमिनीपासून सुमारे चार फुटांवर. ही पेटी १८६४ च्या सुमारास स्कॉटलंडच्या टॉमस स्टीव्हन्सन यांनी बनवली. ते दीपगृहे बांधणारे अभियंते. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. जगभरच्या वेधशाळांची एकमेकींशी तुलना करता यावी, यासाठी सगळीकडे सारखी पेटी हवी होती आणि ते काम या पेटीने उत्तम केले. मात्र चार फुटांवरची ही हवा माणसाच्या छातीच्या उंचीची. हरभरा, कांदा, भाजीपाल्याची रोपे त्या उंचीवर राहत नाहीत. म्हणूनच अनेक वेधशाळांत आणखी एक तापमापी गवताच्या शेंड्याजवळ, उघड्या आकाशाखाली आडवी ठेवलेली असते. निरभ्र, निवांत रात्री ती पेटीतल्या तापमापीपेक्षा काही अंश कमीच दाखवते. हा दुसरा आकडा वर्तमानपत्रात मी क्वचितच छापलेला पाहिला आहे.

हे दोन आकडे वेगळे का, याचा उलगडा लंडनच्या एका डॉक्टरने केला. विल्यम चार्ल्स वेल्स यांचा दवावरचा निबंध १८१४ चा. प्रकृती ढासळलेली असताना हा माणूस रात्र रात्र बागेत लोकरीचे पुंजके मांडून, त्यांवर किती दव साठले ते तोलत बसे. निरभ्र रात्री जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, हे त्यांनी दाखवले. चार काठ्यांवर साधा रुमाल ताणला तरी त्याखालचे गवत कमी गारठते. आपले माळी कोवळ्या रोपांवर पातळ चटया टाकतात, याचे त्यांना पूर्वी हसू येत असे. एवढ्याशा चटईने काय होणार? प्रयोगांनंतर त्यांनीच ते लिहून ठेवले आणि माळ्यांना बरोबर ठरवले.

वेल्सना या कामात हिंदुस्थानातली एक गोष्ट फार उपयोगी पडली. १७७५ मध्ये सर रॉबर्ट बार्कर या सेनाधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडच्या बर्फाविषयी कळवले होते. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उघड्या मैदानात सुमारे दोन फूट खोल खड्डे खणत, तळाशी उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळली ताटे अंथरत आणि त्यावर मातीच्या उथळ, सच्छिद्र थाळ्यांत उकळून गार केलेले पाणी ठेवत. पहाटे सूर्य उगवण्याआधी माणसे येऊन थाळ्यांतला बर्फ गोळा करीत. त्या प्रदेशात तळ्या-डबक्यांत कधी बर्फ दिसत नसे, तरी या थाळ्यांत तो धरत असे. रात्र निवांत आणि आकाश स्वच्छ हवे. वारा सुटला किंवा ढग आले की काम फसते, हे त्या कामगारांना पक्के ठाऊक होते. चिपाडांमुळे जमिनीची ऊब वर येत नाही आणि थाळीचे तोंड आकाशाला उघडे राहते. वेल्सने पुढे जे शास्त्र मांडले, त्यावर अलाहाबादेत आधीपासून धंदा चालत होता.

पुण्यात या अभ्यासाला सुरुवात व्हायला आणखी शंभरावर वर्षे लागली. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात आणि नव्या माणसाला त्या नावाचे कोडे पडते. त्याच वर्षी शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला आणि १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानाची शाखा सुरू झाली. तिचे काम आले एल. ए. रामदास यांच्याकडे. हे पालघाटचे, कलकत्त्याला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले. कलमकर आणि गद्रे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उभ्या पिकाच्या आतली हवा मोजली. उसाच्या फडातले हवामान आणि शेजारच्या पडीक रानातले हवामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आकड्यांनी मांडण्याचे काम आपल्याकडे असे सुरू झाले.

त्याच १९३२ सालात रामदास आणि आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. वेल्सपासून सगळे मानत आले होते की निरभ्र रात्री जमीन सर्वांत गार आणि जसजसे वर जावे तसतशी हवा उबदार. यांनी मोकळ्या, उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचींवर तापमाने घेतली, तर सर्वांत गार थर जमिनीला टेकलेला नव्हता. तो जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर तरंगत होता. जाणकारांनी विश्वास ठेवला नाही, आणि त्यांचे कारण चुकीचे नव्हते. गार हवा जड असते. ती ऊबदार हवेच्या डोक्यावर रात्रभर बसून कशी राहील? ती खाली कोसळायला हवी. तेव्हा उपकरणात खोट असेल, किंवा शेजारच्या शेतातली गार हवा वाहत आली असेल, असे म्हटले गेले. १९५० च्या दशकात राश्के यांनी पुण्यातच अधिक काटेकोर उपकरणांनी मोजमाप केले, तेव्हा तो थर तिथेच होता. जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात तो 'रामदास थर' म्हणून ओळखला जातो. रामदास म्हटल्यावर आपल्याला सज्जनगड आठवतो. या रामदासांची आठवण मराठीत फारशी कुणी ठेवलेली नाही.

तो थर टिकतो कसा, याचे गणित १९९० च्या दशकात रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. पुढे बंगळूरच्याच संशोधकांनी दाखवले की जमिनीलगतच्या हवेतले धुळीचे सूक्ष्म कण स्वतःच उष्णता टाकून ती हवा थंड करत असावेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला मुद्दा एवढाच, की टीचभर उंचीच्या फरकाने एक रोप वाचते आणि दुसरे करपते. तसे प्रत्यक्ष घडलेले पाहिल्यावर ते नशिबावर घालायचे कारण उरत नाही.

हे झाले उंचीचे. आडव्या अंतराचा हिशेब याहून मोठा आहे. निफाड तालुक्यात माझे मावसभाऊ द्राक्षबाग करतात. वयाने माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. थंडीच्या दिवसांत त्यांच्या बागेत रात्री शेकोट्या पेटतात. एकदा मी विचारले, की सगळ्या शेकोट्या खालच्याच अंगाला का? ते म्हणाले, "थंडी वरून पडत नाही रे, ती उतारानं येते. पाण्यासारखी. बांध लागला की तुंबते." वरच्या माळावरून रात्री त्यांच्या बागेतून ओढ्याकडे चालत गेलो, तर लवणात उतरताना गुडघ्यापासून खाली गारठा लागतो. त्याला तापमापीही लागत नाही. ऑस्ट्रियात आल्प्समधल्या एका खोल खळग्यात शास्त्रज्ञांनी या तुंबलेल्या हवेचे तापमान शून्याखाली ५२.६ अंश नोंदवले आहे, आणि त्या खळग्याचा तळ समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरसुद्धा उंच नाही. आपल्याकडची गोष्ट तीच, फक्त प्रमाण सौम्य.

हे ध्यानात आल्यावर कात्रणांतली भांडणे सुटत गेली. महाबळेश्वरची वेधशाळा वर, डोंगराच्या माथ्यावर. वेण्णा तलाव आणि लिंगमळा खालच्या खोलगटात. जानेवारी-फेब्रुवारीत तलावाच्या जेटीवर आणि मोटारींच्या टपांवर दवबिंदू गोठतात, छायाचित्रे छापून येतात, 'पारा शून्यावर' असा मथळा येतो. आणि त्याच दिवशी वेधशाळेची नोंद आठ-दहा अंशांची असते. मग कोणी वेधशाळेला नावे ठेवतो, कोणी वार्ताहराला. माथ्यावरची थंड हवा रात्रभर खालच्या खोऱ्यात ओघळते, आणि मोटारीचा पत्रा वेल्सच्या गवतासारखा आकाशाकडे उष्णता टाकतो. दोघेही खरे बोलत असतात.

पुण्यात पाषाण आणि लोहगाव यांची हीच कथा. पाषाण टेकड्यांच्या कुशीत, लोहगाव उघड्या उंच पठारावर. थंडीच्या पहाटे लोहगावचा पारा बहुधा वर असतो. मगरपट्टा, कोरेगाव पार्क या दाट वस्तीच्या भागांत तर सिमेंटने दिवसभर साठवलेली ऊब रात्री बाहेर येते आणि पाषाणशी पाच-सहा अंशांचा फरक पडतो. शहर रात्री ऊबदार राहते हे ढगांना नावे देणाऱ्या ल्यूक हॉवर्डने लंडनबाबत १८१८ मध्येच मांडले होते. त्याचा रात्रीचा फरक पावणेचार अंश फॅरनहाइटच्या आसपास होता. मुंबईत सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंशांची नोंद झाली; समुद्राला टेकलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र एक अंकी तापमान कधी नोंदले गेलेच नाही. आणि निफाडचा नेहमी बातमीत येणारा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यातले ते मोकळे, ओलिताचे रान आहे. निफाड थंड आहेच, पण 'निफाडचा आकडा' हा त्या रानाचा आकडा आहे, हे माझे मत दरवर्षी पक्के होत जाते.

हा सगळा खटाटोप निव्वळ कुतूहलाचा राहिला असता, तर मी तो एवढ्या तपशिलाने लिहिला नसता. पण आता या आकड्यावर पैसे ठरतात. फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात नुकसान पाहायला शेतात कोणी येत नाही. तिथे बोलते ते महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र. राज्यात 'महावेध' प्रकल्पाखाली अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली, ही मोठीच गोष्ट. जळगावच्या केळीसाठी अलीकडच्या वर्षांतला निकष असा, की १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली राहिले तर भरपाई. केळीला थंडीने बसणाऱ्या फटक्याला खानदेशात 'चरका' म्हणतात. पाने पिवळी पडतात, घडाची वाढ अडते. आता केंद्र उंचवट्यावर किंवा वस्तीलगत असेल आणि बाग तापीकाठच्या खोलगटात, तर केंद्रात दुसऱ्या दिवशी ८.३ अंश नोंदले जातात आणि साखळी तुटते. बागेत चरका बसलेला असतो, कागदावर थंडी पडलेली नसते. उलटेही घडू शकते: केंद्र लवणात, बाग माळावर, आणि नुकसान नसताना भरपाई. थंडी १ मार्चला परतली, तर निकषापुरती ती थंडीच नव्हे.

मंडळाचे केंद्र माळावर आहे की लवणात, वस्तीपासून किती दूर, भोवती भिंत आहे की मोकळे रान, एवढी माहिती प्रत्येक केंद्राच्या आकड्यासोबत छापायला काही खर्च येणार नाही. गवतालगतची एक तापमापी वाढवायलाही फार लागणार नाही. पुण्यात १९३२ मध्ये ज्या प्रश्नाला हात घातला गेला, तो विम्याच्या कलमांत अजून आलेला दिसत नाही.

दादांनी विम्याची वाट पाहिली नाही. खालच्या बांधावर शेवरीची दाट ओळ होती, ती दोन हंगामांपूर्वी त्यांनी दोन ठिकाणी तोडून बैलगाडी जाईल एवढ्या वाटा केल्या. रात्री गार हवा त्या वाटांनी ओढ्यात उतरते. बागेच्या त्या कोपऱ्यात आता शेकोटी पहाटे चारच्या आत पेटवावी लागत नाही, असे ते सांगतात.