नादाची कोठी कोठे असावी?

दिवाळी सरली आणि हलके धान घरी आले, म्हणजे वैनगंगेच्या आसमंतातील गावोगावी मंडई भरू लागते. भंडारा जिल्ह्यात, आणि १९९९ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मंडईच्या रात्री दंडार होते, खडी गंमत होते. ढोलकी घुमते व तुणतुणे तिच्या साथीस असते. सकाळ होते, मंडळी पांगतात आणि रात्रीच्या नादाचे मागे काहीच उरत नाही. धान कोठीत राहते. नादाला मात्र, साठवून पुन्हा ऐकवील अशी कोठी मिळण्यास १८७७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला. नादाला कोठी मिळाली खरी. परंतु ती कोणाच्या घरी असावी, हा प्रश्न त्याच क्षणी जन्मास आला आणि तो अद्यापि मिटलेला नाही.

हिंदुस्थानात हा प्रश्न १९०२ साली प्रत्यक्ष उभा राहिला. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान प्रभृती कलावंतांचे गायन मुद्रित केले. गाणे येथले, गायिका येथली, ऐकणारेही येथलेच. परंतु तबकड्या छापण्याचा कारखाना जर्मनीतील हॅनोव्हर येथे! मूळ मुद्रणे समुद्रापार जावयाची आणि छापलेल्या तबकड्या पुन्हा समुद्रमार्गे परत यावयाच्या. १९०८ साली कलकत्त्यातील सियालदा येथे कारखाना निघाला, तेव्हा कोठे हा द्राविडी प्राणायाम संपला. पुढे १९३५ च्या सुमारास मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने ‘यंग इंडिया’ या नावाने स्वदेशी तबकड्या बाजारात आणल्या. माल घराजवळ तयार झाला म्हणजे तो लवकर मिळतो, हा लाभ तर खराच. पण त्याहून मोठा लाभ असा की, काय साठवावयाचे याचा निर्णयही घराजवळ येतो.

१६ जुलै १९४८ रोजी नभोवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. तेथून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या भंडाऱ्यास ध्वनी आता तारेवाचून पोहोचू लागला. तथापि नादाचे भांडार केंद्रातच राहिले. श्रोत्याला ऐकता येत होते. हवे तेव्हा, हवे ते काढून घेता येत नव्हते.

येथवर साठविला गेला तो अखंड गाण्याचा नाद. वाद्याचा एकेक सुटा स्वर साठवावा आणि वाजविणाऱ्याने त्यातून नवी रचना करावी, ही कल्पना पुढची. १९६३ साली इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीस सुमारे ८ सेकंदांची एकेक चुंबकीय फीत जोडलेली असे. पट्टी दाबली की फीत फिरे आणि तिच्यावरील सारंगीसदृश पाश्चात्य वाद्यांचा किंवा बासरीचा स्वर उमटे. कोठी वाद्याच्या पोटातच होती.

१९८३ साली ‘मिडी’ हा संकेत प्रसिद्ध झाला. त्यात ध्वनी मुळीच नसतो. कोणता स्वर, किती जोराने, केव्हा वाजवावा एवढी आज्ञाच असते. भातखंड्यांची स्वरलिपी गायकाच्या कंठावाचून मुकी, तसा हा संकेत ध्वनींच्या संग्रहावाचून मुका होय. म्हणून १९९१ साली १२८ वाद्यध्वनींची एक सर्वमान्य यादी ठरविण्यात आली. तीत १०५ व्या क्रमांकावर सतार आहे आणि ११२ व्या क्रमांकावर सनई आहे. ढोलकी नाही, संबळ नाही, तुणतुणे नाही. यात कोणाचा दुष्टावा होता असे नव्हे. ज्यांनी कोठी बांधली, त्यांनी आपल्या ओळखीचे धान्य तीत भरले, इतकेच.

आज संगणकावर किंवा मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडावे आणि तेथेच पेटी वाजवावी, हे सहज शक्य झाले आहे. त्यासाठी लागणारी ‘वेब ऑडिओ’ ही यंत्रणा २०२१ साली अधिकृत मानक म्हणून मान्य झाली. परंतु अशा पुष्कळ ॲपांतील स्वरांच्या फाईली ॲपच्या स्वतःच्या जागेत नसतात. दूरच्या, परक्या सर्व्हरवरून त्या ऐनवेळी मागविल्या जातात. त्या सर्व्हरच्या मालकाने फाईल हलविली, की पेटी मुकी होते. एका स्थळावरील पानाने दुसऱ्या स्थळाची फाईल मागितली असता, त्या दुसऱ्या स्थळाची स्पष्ट परवानगी असल्यावाचून ब्राउझर ती पानाच्या स्वाधीन करीत नाही. आणि मंडईच्या गर्दीत मोबाइलचे जाळे क्षीण झाले, तर पट्टी दाबली जाते पण स्वर येत नाही. १९०२ सालचे हॅनोव्हर ते हेच!

यावरील उपायही सियालद्याचाच आहे: कोठी घरी आणावी. स्वरांच्या फाईली ॲपच्या पानांसोबत एकाच सर्व्हरवर ठेवाव्या आणि पहिल्या भेटीतच त्या वापरणाऱ्याच्या यंत्रात साठविल्या जातील अशी योजना करावी. मग जाळे नसतानाही वाद्य वाजते. याला जागा तरी किती लागते? तीन सप्तकांचे ३६ स्वर सर्वच मुद्रित करण्याचे कारण नाही. दर तिसरा स्वर घेतला आणि मधले स्वर वेग किंचित कमीअधिक करून काढले, तर १२ मुद्रणे पुरतात. प्रत्येक मुद्रण ४ सेकंदांचे धरल्यास, उत्तम प्रतीच्या एकपदरी ध्वनीसही अवघी सुमारे ४ मेगाबाइट जागा लागते. एमपी३ पद्धतीने ती आणखी घटते. मात्र त्या पद्धतीत आरंभी अल्पशी शांतता शिरते व ढोलकीची थाप उशिरा पडते, म्हणून ती कापून घ्यावी लागते. दुसऱ्याने मुद्रित केलेले ध्वनी आपल्या कोठीत आणावयाचे, तर त्याचा परवाना तशी मुभा देतो की नाही, हे प्रथम पाहणे अवश्य आहे.

परंतु परक्यांचे १२८ ध्वनी घरी आणून ठेवल्याने अर्धेच काम होते. झाडीपट्टीतील मुलाने आपल्या मोबाइलवर दंडारीची चाल बसवावयास घ्यावी आणि ढोलकीच्या जागी त्याला बोंगो मिळावा, हे आज घडू शकते. आणि कानाला जे नित्य मिळते, तेच त्याला कालांतराने आपले वाटू लागते. तुणतुण्याच्या तारेचा तो कणखर झणत्कार दूरदेशीचा कोणी आपण होऊन साठवील, ही आशा व्यर्थ होय. एक निवांत खोली, एक बरा मायक्रोफोन आणि एक जाणता वादक एवढ्या सामग्रीवर हे काम भंडाऱ्यात, साकोलीत वा पवनीत होण्यासारखे आहे. डग्ग्याची थाप, शाईवरची थाप, तारेचा मोकळा झणत्कार असे एकेक ध्वनी हळू, मध्यम आणि जोरकस अशा तीन प्रकारांनी घ्यावे. फाईलीसोबत वाद्याचे स्थानिक नाव, गाव, दिनांक आणि वादकाची लेखी संमती नोंदवावी. ध्वनी कोणाच्या हातचा आहे, हे त्या नोंदीवाचून पुढच्या पिढीस कळणार नाही.