गाडीचं कूलंट घरी बदलता येतं, पण हा एक हिशोब चुकला तर सगळी मेहनत पाण्यात!

एप्रिल-मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना एक दृश्य हमखास दिसतं. बॉनेट उघडून कडेला उभी असलेली गाडी, आतून निघणारी वाफ आणि हातात पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला चालक. बऱ्याचदा दोष घाटाला दिला जातो. पण अनेक वेळा खरं कारण असतं ते वर्षानुवर्षं न बदललेलं कूलंट किंवा कूलंटच्या जागी भरलेलं नळाचं पाणी.

कूलंट बदलण्याचं काम घरच्या पार्किंगमध्येही करता येतं. फार महागडी हत्यारं लागत नाहीत. मात्र ते नेमकं कसं करायचं आणि लोक कुठे चुकतात, हे आधी समजून घ्यायला हवं.

कूलंट नेमकं करतं काय?

इंजिनमध्ये इंधन जळतं तेव्हा तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचंच असतं. ही उष्णता सतत बाहेर काढली नाही तर हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं आणि इंजिन उघडावं लागतं.

हे काम कूलंट करतं. पंप त्याला इंजिनभोवतीच्या पोकळ्यांमधून फिरवतो आणि रेडिएटरमध्ये वाऱ्याने ते थंड होतं. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवते. साधारण ८० ते ९० अंशांना ती उघडते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पाणी का नको?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. गंमत म्हणजे उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच असतं. तरीही ते चालत नाही, याची कारणं तीन.

पहिलं, गंज. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉलसोबत गंजरोधक रसायनं असतात. ती नसतील तर पंप, रेडिएटर आणि इंजिनच्या आतल्या भिंती हळूहळू खराब होतात.

दुसरं, क्षार. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो.

तिसरं, उकळणं. पाणी १०० अंशांना उकळतं. समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात तर साधारण ९५-९६ अंशांनाच. कूलंट आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवत असल्याने ही मर्यादा आणखी २० अंशांच्या आसपास वर जाते. म्हणूनच झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर नवं कूलंट भरूनही गाडी तापू शकते.

कधी बदलायचं?

ग्लायकॉल लवकर संपत नाही, संपतात ती गंजरोधक रसायनं. जुन्या प्रकारचं कूलंट साधारण २ ते ३ वर्षं चालतं, लाँग लाइफ प्रकारचं ५ वर्षं किंवा त्याहून जास्त. अंतिम शब्द गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेचा. कूलंट तांबूस किंवा गढूळ दिसत असेल, तर वाट पाहू नका. आणि त्यावर तेलाचा तवंग किंवा खव्यासारखा थर दिसला तर घरी काहीच करू नका, गाडी थेट मेकॅनिककडे न्या. हेड गॅस्केट गेल्याची ती खूण असू शकते.

रंग बघून कूलंट घेऊ नका

हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे नुसते रंग आहेत. कोणत्या रसायनाला कोणता रंग, असा सगळ्या कंपन्यांना लागू होणारा नियम नाही. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र झाली तर गंजरोधक निकामी होऊ शकतात, कधी चिकट गाळही तयार होतो. पुस्तिकेत लिहिलेला प्रकार डब्यावर आहे का, तेवढंच बघा.

काय काय लागेल?

● कॉन्सन्ट्रेट कूलंट, म्हणजे पाणी न मिसळलेलं
● साधारण १० लिटर डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळतं. मात्र बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं, लेबल नीट वाचा
● पसरट टब, नरसाळं, मोजमाप असलेलं भांडं
● पक्कड, पाना, हातमोजे आणि चष्मा

प्रत्यक्ष कृती

१. गाडी पूर्ण थंड हवी. रात्रभर उभी असेल तर उत्तम. गरम गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट दाबाने थेट चेहऱ्यावर उडतं.

२. सपाट जागेवर हँडब्रेक लावा आणि चावी काढून ठेवा. इग्निशन चालू असेल तर रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

३. झाकण उघडा. टब ठेवून रेडिएटरखालचा ड्रेन प्लग सैल करा. तो बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो, जोर लावला तर तुटतो. प्लग नसेल तर खालचा होज पाइप काढावा लागतो. किती कूलंट निघालं ते मोजून लिहून ठेवा.

४. प्लग लावा, डिस्टिल्ड वॉटर भरा आणि झाकण लावा. केबिनमधला हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. वरचा होज गरम लागला की थर्मोस्टॅट उघडला असं समजा. काही मिनिटांनी इंजिन बंद करा.

५. पुन्हा पूर्ण थंड होऊ द्या आणि पाणी काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत, साधारण तीन वेळा, हेच करा.

आता तो महत्त्वाचा हिशोब

ड्रेन प्लग उघडला म्हणजे सगळं कूलंट निघालं, हा समज चुकीचा आहे. बरंचसं कूलंट इंजिनच्या आत आणि हीटरमध्ये अडकून राहतं.

समजा, गाडीत एकूण ५ लिटर कूलंट मावतं आणि निघालं फक्त अडीच लिटर. पहिल्यांदा पाणी भरल्यावर आत निम्मं जुनं मिश्रण उरतं, दुसऱ्यांदा पाव आणि तिसऱ्यांदा आठवा भाग. म्हणजे शेवटी प्लग उघडल्यावरही आत अडीच लिटर जवळजवळ साधं पाणी शिल्लक असतं.

अशा वेळी आधीच पाणी मिसळलेलं ‘रेडी टू यूज’ कूलंट अडीच लिटर भरलं, तर गाडीत ग्लायकॉलचं प्रमाण ५० ऐवजी २५ टक्क्यांच्या आसपास येतं. गंजरोधकही तेवढेच पातळ होतात. पैसे पूर्ण, संरक्षण अर्धं!

त्यामुळे पाण्याने धुतल्यावर आधी शुद्ध कॉन्सन्ट्रेट भरा. किती? एकूण क्षमतेच्या निम्मं. ५ लिटरच्या गाडीत अडीच लिटर. जागा उरली तर डिस्टिल्ड वॉटर घाला. काही कंपन्या ३०:७० प्रमाणही सांगतात, तेव्हा ५ लिटरला दीड लिटर कॉन्सन्ट्रेट पुरतं. एकूण क्षमता पुस्तिकेत दिलेली असते. मात्र नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणंही चूकच, कारण ते मिश्रणापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

हवा काढायला विसरू नका

आत हवेचा फुगा अडकला तर कूलंट तिथे पोहोचत नाही आणि नव्या कूलंटवरही गाडी तापते. रेडिएटरवर झाकण असलेल्या गाडीत ते उघडं ठेवून इंजिन चालू करा, हीटर गरमवर ठेवा. बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल, तशी भर घाला. चेहरा दूर ठेवा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. काही गाड्यांमध्ये हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तर काहींमध्ये झाकण फक्त टाकीवर असतं. अशा गाड्यांसाठी पुस्तिकेतलीच पद्धत वापरा.

नंतर छोटी चक्कर मारा आणि टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत टाकीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे ना, ते पाहा.

जुन्या कूलंटचं काय करायचं?

हा भाग सर्वात गंभीर आहे. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. उघड्या टबातलं कूलंट कुत्रं, मांजर किंवा लहान मूल सहज पिऊ शकतं. सुरुवातीला दारू प्यायल्यासारखी लक्षणं दिसतात, नंतर किडनी निकामी होते आणि जीवही जाऊ शकतो. कोणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

सांडलेलं कूलंट लगेच पुसून पाण्याने धुवा. जुनं कूलंट गटारात किंवा झाडांना ओतू नका. झाकणबंद कॅनमध्ये भरा, त्यावर ‘विष’ असं लिहा आणि विल्हेवाटीची सोय असलेल्या गॅरेजला द्या.

घरी कधी करू नये?

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये बॅटरीसाठी वेगळी कूलंट यंत्रणा असू शकते, तिला हात लावू नका. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि पातळी वारंवार कमी होत असेल तर कूलंट बदलणं हा उपाय नाही, आधी गळती शोधा.

काम झाल्यावर तारीख, किलोमीटर, कूलंटचा प्रकार आणि प्रमाण एका स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी कोणीही रंग बघून अंदाजाने भर घालणार नाही.