संतांची गाडी काचीगुड्यापर्यंत

सिनेमा पाहून त्यातून बोध घ्यायची सवय मराठी माणसाला लावली ती कीर्तनाने. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि तात्पर्य श्रोत्याने आपापल्या घरी न्यायचे. संतपटांनी पूर्वरंग गाळला आणि आख्यान तेवढे ठेवले. हैदराबादच्या काचीगुड्यात हा बोध मराठीत पोचला तसाच तेलुगूतही.

काचीगुडा स्थानकाची घुमटांची इमारत निजामाच्या रेल्वेने १९१६ साली बांधली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत येणारी मीटरगेज गाडी मराठवाड्याला राजधानीशी जोडत होती. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबादचाच भाग असल्याने शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी मराठी माणसे इकडेच येत. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या भागांत त्यांची घरे झाली. विवेकवर्धिनी शाळा तर १९०७ची. एकनाथांचे पैठण, नामदेवांचे नरसी, रामदासांचे जांब ही गावेही निजामाच्याच मुलखातली. पडद्यावरचे संत या वस्तीला परके नव्हते.

‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये (१९३५) बालगंधर्व एकनाथ झाले. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’. गांधींची आठवण नको म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावले. अस्पृश्याघरी जेवणाऱ्या नाथांचा बोध सरकारलाही कळला होता, असेच म्हणायचे. पुढच्या वर्षी दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीस एरवी नाटकांत स्त्रीभूमिका करणारे नट. या चित्रपटानंतर लोक त्यांच्याच पाया पडू लागले. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलेला अभंग तर अनेकांनी तुकोबांचाच मानला. मात्र या चित्रपटाचे खरे निरूपण नटी गौरीने उभ्या केलेल्या तुकोबांच्या बायकोत, आवलीत आहे. पोर तापाने फणफणलेले, घरात दाणा नाही, तेव्हा ती तावातावाने देवळात जाऊन विठोबालाच जाब विचारते. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली संसारापाशी मागे राहते. वैराग्याची किंमत कोण मोजते, हे चित्रपट एका शब्दानेही न सांगता दाखवतो.

तेलुगू पडद्यावर अशीच वाट चित्तूर नागय्या यांनी पाडली. ‘भक्त पोतना’ (१९४२), ‘त्यागय्या’ (१९४६), ‘योगी वेमना’ (१९४७) या चित्रपटांनी त्यांना पागनीसांसारखीच पूज्यता मिळवून दिली. मग मराठी संतकथाही तेलुगू झाल्या. पुंडलिकाच्या कथेवरच्या ‘पांडुरंग महात्म्यम्’मध्ये (१९५७) एन. टी. रामाराव होते, बोध आईबापांच्या सेवेचा. ‘भक्त तुकाराम’मध्ये (१९७३) अक्किनेनी नागेश्वरराव तुकाराम झाले आणि शिवाजी गणेशन छत्रपती शिवाजी. गोरा कुंभाराची कथा ‘चक्रधारी’ (१९७७) या नावाने आली, तिथेही नागेश्वररावच. हा नट स्वतः नास्तिक होता. प्रेक्षकांचे त्यावाचून काही अडले नाही.

रामारावांच्या बाबतीत नट आणि देव यांतली रेघ जवळजवळ पुसलीच गेली. ‘श्री वेंकटेश्वर महात्म्यम्’नंतर (१९६०) तिरुपतीचे यात्रेकरू परतताना मद्रासला त्यांच्या घरीही दर्शनाला जात. १९८३ साली ते मुख्यमंत्री झाले, त्यामागे ही पुण्याई होतीच. अर्थात एवढ्यावर निवडणूक जिंकता येत नाही. काचीगुड्यातले ‘तारकराम’ चित्रपटगृह त्यांच्याच कुटुंबाचे.

चपला बाहेर काढून चित्रपट पाहण्याची रीत देशभर ठळक झाली ती ‘जय संतोषी माँ’मुळे (१९७५). २५ जानेवारी १९८७ला रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा ती घरात शिरली. रविवारी सकाळी आंघोळ उरकून, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून लोक बसत. ज्यांच्याकडे संच नाही ते शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी. मालिका हिंदीत असल्याने मराठी-तेलुगू शेजाऱ्यांना ती एकत्र पाहता आली. ऑक्टोबर १९८८पासून ‘महाभारत’ लागले आणि बोध अवघड झाला: रामाचे वागणे पोरांना सांगणे सोपे, युधिष्ठिराच्या द्यूताचे काय सांगायचे?

पुंडलिक २००८ साली ‘पांडुरंगडु’मधून पुन्हा तेलुगू पडद्यावर आला. दिग्दर्शक के. राघवेंद्रराव, आणि नायक रामारावांचे चिरंजीव बालकृष्ण.